हिरवं पाणी म्हणजे मेलेलं पाणी नव्हे!

मंडळी, एप्रिल-मे आला की आमच्या कर्जत-नेरळ पट्ट्यात दोन प्रकारचे टँकर रस्त्याला लागतात. एक वाडीवर जातो, तिथे हंडे-कळश्या आधीच रांगेत लावलेल्या असतात. दुसरा बंगल्याच्या गेटमधून आत जातो आणि पोहण्याच्या टाकीत रिकामा होतो. गंमत म्हणजे त्या टाकीत कालपर्यंत पाणी होतं. काठोकाठ होतं. फक्त हिरवं झालं होतं, म्हणून रात्री मोटर लावून ओढ्यात सोडून दिलं.

माझा राग पोहण्यावर नाही. ज्याला परवडतं त्याने टाकी बांधावी, पोरांनी खुशाल डुंबावं. राग आहे तो शेवाळ दिसलं की टाकी उपसायच्या सवयीवर.

हिशेब मांडू. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल अशी टाकी धरा. ती भरायला जवळपास ४५,००० लिटर पाणी लागतं. दहा हजारी टँकर साडेचार. जलजीवन मिशनमध्ये गावच्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरलेत, म्हणजे आठशे माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं होतं, आठवतंय ना? पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाणी साधारण पाच लाख लिटर. थोडं इकडेतिकडे धरलं तर एक वाघीण म्हणजे एका बंगल्याची टाकी. ती आपण ओढ्यात सोडतो, कारण शनिवारी पार्टी आहे.

आता हे शेवाळ येतं कुठून? आकाशातून पडत नाही. बंगला शनिवार-रविवार भाड्याने जातो. सोमवारी पाहुणे गेले की फिल्टर बंद, तेवढंच लाईट बिल वाचतं. पाण्यात घाम, क्रीम, पाला, माती तशीच राहते. त्यातलं नत्र आणि स्फुरद हे शेवाळाचं खत, शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वरून रणरणतं ऊन, त्यात क्लोरीन काही तासांत उडून जातो. बुधवारी पायऱ्या बुळबुळीत, शुक्रवारी पाणी पोपटी. मग मुंबईहून मालकाचा फोन येतो, "अरे, उद्या गेस्ट आहेत, पाणी बदलून टाक." राखणदार बिचारा काय बोलणार?

आणि पाणी बदलून शेवाळ जातं का? नाही. ते फरशीच्या सांध्यात आणि फिल्टरच्या वाळूत बसलेलं असतं. बोअरच्या नव्या पाण्यात क्लोरीनचा थेंब नसतो, त्यामुळे त्याला उलट रान मोकळंच. पंधरा दिवसांत परत हिरवं, परत टँकर.

उपाय स्वस्त आहे. आधी पीएच तपासा, ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणा. तो आठच्या वर गेला की टाकलेल्या क्लोरीनचा जेमतेम पाव भाग कामाला येतो, आणि आपण म्हणतो औषधात दम नाही. मग भिंती, कोपरे, पायऱ्या ब्रशने नीट घासा. ऊन उतरल्यावर क्लोरीनचा मोठा डोस द्या, दर लिटरला दहा मिलिग्रॅम. आपल्या ४५,००० लिटरच्या टाकीला दहा टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन साडेचार लिटर लागेल. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर असेल तर दीड किलो पुरते. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी ओतायचं. फिल्टर दिवसरात्र चालू, मधूनमधून बॅकवॉश. सकाळी क्लोरीन मोजा, घटला असेल तर संध्याकाळी परत डोस. गडद हिरव्याला दोन-तीनदा द्यावा लागतो. दोन-चार दिवसांत हिरवं जाऊन पाणी राखाडी-पांढुरकं होतं. ते मेलेलं शेवाळ. रात्री तुरटी फिरवून पंप बंद ठेवा, सकाळी तळाचा गाळ सावकाश व्हॅक्यूमने बाहेर काढा. यात थोडं पाणी जाईल. जाऊ दे, ४५,००० तर नाही ना जात! तळ स्पष्ट दिसेपर्यंत आणि क्लोरीन नेहमीच्या पातळीवर उतरेपर्यंत मात्र कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. गढूळ पाण्यात बुडालेलं पोर काठावरून दिसत नाही.

एक सांगायलाच हवं. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र ओतू नका, विषारी वायू निघतो. क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लीचिंग एका बादलीत तर अजिबात नको, भडका उडू शकतो. आणि ते मोरचूद! "टाका मूठभर, शेवाळ गायब" असं सांगणारे गल्लोगल्ली आहेत. तांबं माशांना विष आहे. मोरचूद टाकायचं आणि महिन्याने तेच पाणी ओढ्यात सोडायचं, वर ओढ्यात मासे राहिले नाहीत म्हणून हळहळायचं.

"आम्ही टँकरचे पैसे मोजतो," हे उत्तर मला नेहमी मिळतं. पैसे मोजता, कबूल. पण टँकरवाला पाणी कारखान्यात बनवत नाही. तो ज्या विहिरीतून उपसतो तिचाच झरा खाली वाडीच्या विहिरीला असतो.

कुणी म्हणेल, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्येही टाकी उपसलीच की. उपसली. तिथे कंत्राटदाराने ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, क्लोरीन निकामी झाला आणि पाणी हिरवं पडलं. स्पर्धा तोंडावर होती म्हणून एका टाकीतलं पाणी बदललं. आपल्याकडे ऑलिंपिक कुठलं, बर्थडे पार्टी असते.

उपसायची वेळ कधीच येत नाही असं नाही. वर्षानुवर्षं गोळ्या टाकल्या की त्यातलं स्टॅबिलायझर पाण्यात साठतं, मग क्लोरीन असूनही लंगडा पडतो. तेव्हा थोडं पाणी बदलावं, आणि ते पावसाळ्यात बदलावं. पण पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करू नका, खालच्या भूजलाच्या दाबाने ती उचलली जाते, फुटते. हे तरी मालक लोक ऐकतील, इथे त्यांचा खिसा आहे.

आता बुकिंग करणाऱ्यांसाठी. हल्ली जाहिरातीत लिहितात, "दर आठवड्याला फ्रेश वॉटर पूल". पुढच्या वेळी फोनवर विचारा की हे फ्रेश वॉटर येतं कुठून, आणि जुनं जातं कुठे. ग्रामसभेत आम्ही विचारणारच आहोत, पण गिऱ्हाइकाने विचारलेलं मालकाला लवकर ऐकू जातं.