भरोसा आहेच, भीतीही आहे

पहिल्या बाळंतपणात मला खूप रक्तस्राव झाला. जुन्नरहून रातोरात पुण्याला नेलं, म्हणून वाचले. चार वर्षांनी पुन्हा दिवस राहिले, तेव्हा झोपच उडाली. अम्मी म्हणायची, "अल्लाहवर भरोसा ठेव, सगळ्याच बायका बाळंत होतात." भरोसा होताच; भीती जात नव्हती.

या भीतीला डॉक्टर 'टोकोफोबिया' म्हणतात. ती ईमानाची कमजोरी नाही. कळांनी हैराण झालेल्या हजरत मरियम यांनीही याआधीच मरण आलं असतं तर बरं, असं म्हटल्याचं कुरआनात आहे. त्यांना कोणी दटावलं नाही; दिलासा, पाणी आणि खजूर मिळाले.

आपणही तेच करावं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. जुन्नर असो की मंचर, सुनेबरोबर जा. मागच्या वेळी काय झालं ते डॉक्टरांना तिलाच सांगू द्या. बाळंतपण कुठे, रक्त कुठून, गाडी कोणाची, हे सातव्या महिन्यातच ठरवा. मन मोकळं करायला 14416 हा मोफत क्रमांक आहे. आणि तिला आणखी मूल नकोच असेल, तर तेही ऐकून घ्या.