अकोल्यात एफएमवर दिवसभर गाणी, मग शहराच्या बातम्या का नाहीत?

समजा, महानच्या काटेपूर्णा धरणातून अकोल्याला पाणी आणणारी पाइपलाइन फुटली. उद्या नळ येणार नाही. प्रशासनाने कळवलं असेल, तर खासगी एफएमचा आरजे ही सूचना वाचू शकतो. पण पाइपलाइन पुन्हा का फुटली, हे विचारायला त्याने अधिकाऱ्यांना फोनवर घेतलं आणि ते उत्तर ऐकवलं, तर ती झाली बातमी. आणि स्वतःची बातमी देण्याची परवानगी भारतात कुठल्याच खासगी एफएमला नाही.

हे आलं कुठून?

१९२७ मध्ये मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं ते एका खासगी कंपनीचं. ती कंपनी बुडाली आणि १९३० मध्ये प्रसारण सरकारकडे गेलं. पुढे १९४८ मध्ये आकाशवाणीचं नागपूर केंद्र आलं. विदर्भाच्या प्रादेशिक बातम्या तिथूनच ऐकायची सवय वऱ्हाडाला लागली.

१९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नको. २००१ पासून खासगी एफएम सुरू झाले, पण बातम्यांचं दार बंदच राहिलं. २०११ च्या धोरणाने ते किंचित उघडलं: आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावा, एक शब्दही बदलू नका. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, पाणी-विजेच्या सूचना यांना 'बातमी'तून वगळलं. कम्युनिटी रेडिओलाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत.

सरकारचं म्हणणं काय?

शेकडो केंद्रांवर कोण काय बोलतंय यावर लक्ष ठेवायची यंत्रणा नाही, त्यामुळे सुरक्षेला धोका होऊ शकतो, अशी भूमिका सरकारने सुप्रीम कोर्टात मांडली होती. ही भीती अगदीच खोटी नाही. रेडिओ क्षणात घराघरात पोहोचतो, अफवाही तशीच पोहोचेल.

पण टीव्हीवर २४ तास बातम्या चालतात. हातात मोबाइल असलेला कुणीही यूट्यूबवर बातम्या देतो. लायसन्स घेतलेला, पत्ता ठाऊक असलेला, चूक केली तर परवाना गमावू शकणारा रेडिओ मात्र गप्प. शेजारच्या नेपाळमध्ये १९९७ मध्ये रेडिओ सगरमाथा सुरू झाला. तिथे स्थानिक एफएमवर बातम्या आणि चर्चा चालतात.

वऱ्हाडाला याचं काय?

नोव्हेंबर २०२१ आठवा. अमरावतीत हिंसाचारानंतर संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. व्हॉट्सअ‍ॅप थांबलं, तरी घरात बसलेल्या लोकांचे प्रश्न थांबले नव्हते. कुठल्या भागात काय चाललंय? ऐकलं ते खरं की अफवा? रेडिओला इंटरनेट लागत नाही. अशा वेळी पडताळून बातमी देणारा स्थानिक आवाज हवा असतो, पण नियमाने त्याच्या हातात सूचना वाचण्यापलीकडे फारसं काही ठेवलेलं नाही.

शेतकऱ्याचंही तेच. आज कापसाला काय भाव, हे कळून भागत नाही. खरेदी केंद्र का सुरू झालं नाही, हा खरा प्रश्न असतो. तो विचारला की परत बातमी.

पुढे काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायने शिफारस केली: खासगी एफएमला दर तासाला जास्तीत जास्त १० मिनिटं बातम्या देऊ द्या, आणि आकाशवाणीच्या बातम्यांना लागू असलेली आचारसंहिता त्यांनाही लावा. पण शिफारस म्हणजे नियम नव्हे, निर्णय केंद्र सरकारचा.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम चॅनेल्सच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत आपलं अचलपूर आणि यवतमाळही आहे. मातृभाषेतला स्थानिक मजकूर वाढावा, हा त्यामागचा हेतू सांगितला गेला.

म्हणजे उद्या अचलपुरात वऱ्हाडी बोलणारा आरजे येईलही. तो गाणी लावेल, किस्से सांगेल, वाढदिवसाच्या शुभेच्छा देईल. पण नळ का आला नाही, हे त्याला विचारता येणार का? लिलाव कितीला गेला यापेक्षा हे ठरणं महत्त्वाचं आहे.