डिजिटल रेडिओ ऐकणार कशावर?

डिजिटल रेडिओचा धंदा चालणार नाही. आवाज स्वच्छ, एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक कार्यक्रम, सगळं मान्य. पण ऐकणार कशावर? काही कारमध्ये रिसीव्हर येतो. नांदेड-लातूरला एसटीने कॉलेज गाठणाऱ्यांच्या फोनमध्ये तो नाही. श्रोते नाहीत तर जाहिराती नाहीत, जाहिराती नाहीत तर कार्यक्रम कुठून येणार? वेगळा संच आणि वर्गणी मागणारा वर्ल्डस्पेस २००९ अखेर भारतात बंदच पडला.

ट्रायने २०२५ मध्ये खासगी डिजिटल रेडिओसाठी १३ मोठी शहरं सुचवली. त्यात आपण नाही. उद्या किल्लारीसारखा भूकंप झाला, मोबाइल टॉवर बंद पडले, तर कामी येईल साधा एफएम. तो फोनमध्ये चालू ठेवा, असं सरकारनेच २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलंय. आधी तेवढं करून दाखवा!