परसातला जास्तीचा कोंबडा

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, अशी मराठीत म्हण आहे. परसातील कुक्कुटपालनाचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांनी मात्र गेली कित्येक वर्षे कोंबडे झाकण्याचाच उद्योग चालविला आहे. दहा कोंबड्या पाळल्या तर अंडी किती, त्यांतून मीठमिरचीचा खर्च कसा सुटेल, मुलांच्या ताटात प्रथिने कशी पडतील, याचे हिशेब मोठ्या उत्साहाने मांडले जातात. पण अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलांपैकी सुमारे निम्मी नर असतात आणि त्यांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न टोपलीखालीच राहतो.

हा प्रश्न शासनाला ठाऊक नाही, असे नव्हे. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत अर्ध्या अनुदानावर दोन प्रकारचे वाटप होत आले आहे. पहिल्या प्रकारात आठ ते दहा आठवड्यांच्या 25 तलंगा आणि 3 नर मिळतात. दुसऱ्यात एक दिवसाची 100 पिल्ले मिळतात. पहिला आकडा शास्त्राला धरून आहे, कारण आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरेसा असतो. दुसऱ्या प्रकारात नर-मादी निवडलेली नसेल, तर निसर्गाचा हिशेब लागू होतो. समजा, शंभरांतील नव्वद पिल्ले जगली, तर त्यांत पंचेचाळीस कोंबडे निघावयाचे. गरज चार-पाचांची, उरलेले चाळीस जास्तीचे. पूर्ण वाढलेला पक्षी दिवसाला सुमारे 100 ग्रॅम खातो. निम्मे पोट उकिरड्यावर भरले असे धरले, तरी चाळीस कोंबड्यांना रोज दोन किलो दाणा लागतोच. ज्या बाईने बचत गटाचे कर्ज काढून खुराडे बांधले, तिची अंड्यांची कमाई अशा रीतीने न दिसता कोंबड्यांच्याच पोटात जाते.

हानी केवळ दाण्याची नाही. नर अधिक झाले की ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात. त्यांच्या सततच्या उपद्रवाने माद्यांची पाठ उघडी पडते, पिसे झडतात, जखमा होतात. भेदरलेली कोंबडी नीट खात नाही आणि अंडीही कमी देते. शिवाय अंडी घालण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरजच नसते. ती लागते फक्त पिल्ले काढावयाची असतील तर. नराच्या संगतीवाचून घातलेले अंडे खाण्यास तितकेच चांगले असते आणि उन्हाळ्यात ते अधिक टिकते. कारण त्यात गर्भ धरण्याचा संभव नसतो. ही साधी गोष्टही अनेक घरी माहीत नसते आणि ‘कोंबडा हवाच’ या समजुतीने तीन-चार कोंबडे पोसले जातात.

तेव्हा पहिली गरज ओळखण्याची. एक दिवसाच्या पिलाचे गुदद्वार तपासून नर-मादी सांगण्याची विद्या जपानी शास्त्रज्ञांनी गेल्या शतकात विकसित केली. पण ती वाकबगार हातांचे काम आहे, घरच्या माणसाचे नव्हे. घरी थोडा धीर धरावा लागतो. सहा ते आठ आठवड्यांत नराचा तुरा मोठा आणि लालसर दिसू लागतो, पाय जाड होतात, चाल ऐटदार होते. तरीही तुऱ्यावर एकट्यावर विसंबू नये. काही जातींच्या तलंगांचा तुराही लवकर रंगतो. तीन महिन्यांच्या सुमारास मानेवरची आणि शेपटीच्या बुडाशी असलेली पिसे पाहावीत. नराची लांब, चकचकीत आणि टोकदार असतात, मादीची गोलसर. ही खूण सहसा फसवत नाही. आरवण्याची किंवा पायावर आरी वाढण्याची वाट पाहत बसणे म्हणजे महिनाभराचा दाणा वाया घालविणे होय.

दुसरी गरज निर्णयाची. येथे भावनेचा आणि रूढीचा गुंता आहे. कोणी नवसासाठी कोंबडा राखून ठेवतो, कोणी पाळलेल्या जिवावर सुरी चालवावयास धजत नाही. दोन्ही भावना समजण्यासारख्या आहेत. परंतु न मारण्याच्या नावाखाली कोंबडा देवळाच्या आवारात किंवा गावाबाहेर सोडून देणे ही दया नव्हे. कुत्र्याच्या तोंडी किंवा उपासमारीत त्याला लोटणे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानेही असे टाकून देणे गुन्हा मानले आहे. पूर्व विदर्भातील कोंबडबाजारात पायाला काती बांधून त्याला झुंजविणे, हा तर त्याच कायद्याचा उघड भंग. आणि त्यावरच्या जुगारात कोंबड्याबरोबर संसारही रक्तबंबाळ होतात.

अंड्यांच्या मोठ्या व्यवसायाने या प्रश्नाला दिलेले उत्तर अनुकरणीय नाही. तेथे नर पिलू जन्मताच निरुपयोगी ठरते. आठवडी बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून विकली जाणारी पिल्ले बहुधा तीच. जर्मनीने 2022 पासून अशी पिल्ले मारण्यास बंदी घातली आणि अंड्यातच नर-मादी ओळखण्याचे तंत्र स्वीकारले. ते खेड्यातील परसाला परवडणारे नाही. पण परसाजवळ त्याहून सोपे उत्तर आहे. गावठी आणि सुधारित दुहेरी जातींचा नर मांसाला उत्तम असतो, गावठी कोंबड्याला बाजारात मागणीही असते. तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान त्याची वाढ चांगली झालेली असते. पुढे दाणा तेवढाच लागतो आणि वजन मात्र रेंगाळते. त्याच वेळी त्याला विकावे किंवा घरी खावे.

अडचण येते ती एकट्या बाईला. दोन-चार कोंबडे घेऊन ती बाजाराला गेली की व्यापारी म्हणेल तो भाव. गावातील बचत गटांनी एकाच सुमारास पिल्ले घेतली आणि एकाच वेळी नर वजनावर विकले, तर भाव ठरविण्याची ताकद त्यांच्या हाती येईल. पशुवैद्यकीय दवाखान्यांनी लसीच्या वेळापत्रकाबरोबर नर वेगळे करण्याचे वेळापत्रकही द्यावे. पाय बांधून उलटे टांगून नेण्याची पद्धत बंद व्हावी आणि मारावयाचे ते तीक्ष्ण हत्याराने, झटपट, इतर पक्ष्यांच्या नजरेआड व्हावे. आणि शासनाने पिल्ले वाटताना निम्मे नर निघतील, हे लाभार्थ्याला स्पष्ट सांगावे. शक्य तेथे पिलांऐवजी तलंगाच द्याव्यात.

कुक्कुटपालन हा गरिबाचा जोडधंदा आहे, आणि जोडधंद्यात फुकट खाणारे तोंड परवडत नाही. कोंबड्याच्या बाबतीत वेळीच घेतलेला निर्णय कठोर वाटेल. पण न घेतलेल्या निर्णयाची किंमत कोंबडी, कोंबडा आणि त्यांना पोसणारी बाई अशा तिघांनाही मोजावी लागते.