पर्वतीची राखीव जागा कॅम्पात कशी आली?

पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून १३ ऑक्टोबर १९२९ रोजी आपल्या लोकांनी सत्याग्रह सुरू केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही मंडळी पुढे होती. दगड खाल्ले, पण दार उघडले नाही. पुढे त्याच पर्वतीच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि २००४ च्या निवडणुकीपर्यंत राखीव राहिला. १९९० ला शरद रणपिसे, १९९५ ला दिलीप कांबळे, १९९९ ला विश्वास गांगुर्डे, २००४ ला रमेश बागवे. दांडेकर पुलाकडच्या जुन्या माणसांना ही नावे तोंडपाठ असतील.

पण एक गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक नसते. १९९० पर्यंत या राखीव जागेवर बौद्धाला बौद्ध म्हणून उभेच राहता येत नव्हते! १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा असे ठरवले होते. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी नागपूरला दीक्षा घेतलेला आपला समाज मात्र बाहेर राहिला. राज्य सरकारने नवबौद्धांना शिक्षणात, नोकरीत सवलती दिल्या, पण निवडणुकीला केंद्राचीच यादी लागे. व्ही. पी. सिंग सरकारने १९९० मध्ये कायदा बदलला, तेव्हा त्या वर्षीची विधानसभा निवडणूक होऊन गेली होती. म्हणजे खरी संधी आली ती १९९५ ला. धर्मांतरानंतर एकोणचाळीस वर्षांनी.

याहून मोठा फटका शिरगणतीत बसला. राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतात आणि धर्म ‘बौद्ध’ सांगणारा अनुसूचित जातीत मोजलाच जात नव्हता. १९७१ ला महाराष्ट्रात अनुसूचित जाती जेमतेम सहा टक्के भरल्या. त्या आकड्यांवर २८८ पैकी १८ जागा मिळाल्या आणि तीस वर्षे तेवढ्याच राहिल्या. २००१ च्या शिरगणतीत बौद्धही मोजले गेले, प्रमाण दहा टक्क्यांवर गेले. २००८ च्या फेररचनेत १८ च्या २९ जागा झाल्या. माणसे तीच, वस्त्या त्याच. रकाना तेवढा बदलला.

याच फेररचनेत पर्वती खुला झाला आणि पुणे जिल्ह्यात पिंपरी व पुणे कॅन्टोन्मेंट राखीव झाले. ताडीवाला रोड, कासेवाडी, लोहियानगर हे भाग कॅन्टोन्मेंटमध्ये येतात. तिथून २००९ ला बागवे, २०१४ ला दिलीप कांबळे निवडून आले. दोघेही आधी पर्वतीचे आमदार होते, म्हणजे जागेबरोबर उमेदवारही कॅम्पात आले म्हणायचे. २०१९ व २०२४ ला सुनील कांबळे आले. राखीव जागेवरही मत सगळेच देतात. १९३२ च्या येरवड्याच्या करारात आधी फक्त आपल्या मतदारांनी चार नावे निवडायची सोय होती, ती राज्यघटनेत उरली नाही. म्हणून आमदार आपल्या वस्तीला किती बांधील, हा वाद मिटत नाही.

२०२७ च्या जनगणनेत सगळ्यांचीच जात नोंदवायचे केंद्राने ठरवले आहे. टाकून दिलेली जात पुन्हा का सांगायची, असे घरातली शिकलेली मुले विचारतात. त्यांचा राग रास्त आहे. पण अनुसूचित जातींच्या यादीत ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ नावाची जात नाही. दोन्ही रकान्यांत ‘बौद्ध’ लिहिले, तर ते घर अनुसूचित जातीत धरले जाण्याची खात्री नाही. धर्म बौद्ध सांगावा, आणि जात दाखल्यावर आहे तीच. गणना करणारा दारात येईल तेव्हा घरी बहुधा बायकाच असतील. त्यांना हे आधी सांगून ठेवा.