जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

वहीपूजनाच्या दिवशी नव्या वह्यांच्या शेजारी आता संगणकही मांडला जातो. पडद्याच्या कडेला कुंकवाचे स्वस्तिक उमटते, कळफलकावर फूल वाहिले जाते. वर्षभर मात्र त्या यंत्राकडे कोणाचे लक्ष नसते. लक्ष जाते ते ते अडून बसल्यावर, आणि तेव्हा घाईने निर्णय घेतले जातात. घाईच्या खरेदीत पैसा अधिक जातो आणि दुखणे तसेच राहते, हा अनुभव व्यापारी घरांना नवा नाही.

सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका भुसार पेढीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. पेढीवरचा संगणक 2016 सालचा. जुलै 2017 मध्ये जीएसटी लागू झाल्यापासून सारा हिशेब त्याच्यावर. अलीकडे सकाळी तो सुरू करून टॅली उघडेपर्यंत दुकानाची झाडलोट, दिवाबत्ती आणि पहिला चहा उरकत असे. त्यातच घरातील मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गेली आणि तिला अभ्यासासाठी घरी संगणक हवा झाला. उधारी बाजारात अडकलेली, हाताशी रक्कम अवघी 25 हजार. विक्रेत्याने दोन नव्या संगणकांचा अंदाज दिला, तो लाखाच्या घरात जाणारा. सोबत सल्लाही दिला, की विनाव्याज हप्ते आहेत, काळजी कशाला?

त्या ‘विनाव्याज’ शब्दाची फोड प्रथम केली पाहिजे. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्त्यांच्या ग्राहकाला बहुधा मिळत नाही. प्रक्रिया शुल्क वेगळे पडते. क्रेडिट कार्डावरील हप्त्यांत व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटीही लागतो. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा, “आज रोख दिले तर किती?” रोख किंमत आणि सर्व हप्ते व शुल्क यांची बेरीज यांतील फरक हेच त्या योजनेचे व्याज.

पेढीवर हप्त्यांचा विचार बाजूला पडला, कारण मुलीने वडिलांना विचारले, “पप्पा, तो नक्की कशामुळे अडतो हे आधी पाहू या का?” कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवर किती भार आहे, ते तेथे टक्क्यांत दिसते. संगणक रखडलेला असताना हे आकडे पाहावेत. मेमरी नव्वदीच्या पुढे असेल तर रॅम अपुरी आहे. प्रोसेसर सतत शंभरावर असेल तर तो थकला आहे किंवा यंत्रात एखादा घातक प्रोग्रॅम शिरला आहे. पेढीच्या संगणकात प्रोसेसर निवांत होता, मेमरी साठीत होती. डिस्क मात्र शंभरावर खिळलेली होती.

याचे कारण जुन्या हार्ड डिस्कच्या रचनेत आहे. तिच्यात धातूची तबकडी फिरते, मिनिटाला बहुधा 7200 वेळा, आणि एक सुई हवी ती नोंद शोधत तिच्यावरून सरकते. प्रत्येक शोधाला दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. संगणक सुरू होताना असे हजारो शोध होतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तोच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर होतो. म्हणूनच आठ-दहा वर्षांच्या संगणकात केवळ हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तरी तो नव्यासारखा चालू लागतो. जुन्या यंत्रांना बहुधा साटा प्रकारची एसएसडी लागते. अधिक वेगवान एनव्हीएमई प्रकारासाठी मदरबोर्डवर वेगळी जागा असावी लागते, ती आहे की नाही हे खरेदीपूर्वी पाहावे.

रॅमच्या बाबतीतही चूक सोपी असते. डीडीआर3, डीडीआर4 आणि डीडीआर5 या पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड, डेस्कटॉपची लांब. जुनी पट्टी दुकानात सोबत नेणे हा उत्तम उपाय. विंडोज 32 बिटची असेल तर ती चार जीबीपलीकडील रॅम वापरतच नाही, तेव्हा तेथे नवी पट्टी बसवणे व्यर्थ होय. आणि तारीख रोज मागे जात असेल, त्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नसतील, तर दोष बहुधा मदरबोर्डवरील सीआर2032 या बटन सेलचा असतो. असा सेल थोडक्या रुपयांत मिळतो. त्यासाठी संगणक बदलण्याचे कारण नाही.

तथापि दुरुस्तीलाही मर्यादा असते. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास सुरक्षेची अद्यतने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, त्यापुढे नाही. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. पेढीचा संगणक सहाव्या पिढीचा. एसएसडीने तो वेगवान झाला असता, परंतु बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे त्याच्यावरून करणे म्हणजे तिजोरीचे कुलूप बदलायचे सोडून दाराला रंग देणे झाले असते. आडमार्गाने विंडोज 11 बसवून देणारे भेटतात; बनावट प्रत फुकट देणारेही भेटतात. ज्या यंत्रावरून पैसा हलतो, तेथे या दोन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात.

शेवटी कुटुंबाने कामांची वाटणी केली. ज्या यंत्रावरून पैसा हलतो ते सुरक्षित हवे, म्हणून मोठी रक्कम तेथे लावली. कार्यालयांतून निघालेले, तपासून दुरुस्त केलेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप बाजारात मिळतात. त्यांपैकी एक, लेखी हमी आणि पक्के बिल घेऊन, पेढीवर आला. पडदा जुनाच राहिला. जुन्या यंत्रात साटा एसएसडी बसवून ते घरी गेले. त्यावर लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली घालण्यात आली. लेखन, तक्ते आणि ऑनलाइन व्याख्याने यांस ती पुरेशी आहे. टॅली विंडोजवरच चालते, म्हणून तिचा सराव मुलगी दुपारी पेढीवर करते. घरासाठी टीव्हीला एचडीएमआय केबल जोडून पडद्याचा खर्चही तूर्त वाचवला. सारे 25 हजारांत बसले.

या साऱ्यात खरा धोक्याचा क्षण वेगळाच होता. तंत्रज्ञाने सहज विचारले, “जुनी डिस्क फॉरमॅट करून देऊ का?” वडील होकार देणार, इतक्यात गादीवर बसलेले आजोबा म्हणाले, “थांबा. जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढून ताळा जमल्याखेरीज आपण वही कधी बांधून ठेवली आहे का?” बॅकअपचा पेनड्राइव्ह काढून पाहिला, तर त्यावरची शेवटची प्रत चौदा महिन्यांपूर्वीची निघाली. मधल्या काळातील किर्द, येणे-देणे, सर्व काही त्या एका जुन्या डिस्कवर होते. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेब जपावे लागतात. 2023-24 चे हिशेब त्यामुळे डिसेंबर 2030 अखेरपर्यंत हवेत. कायदा बाजूला ठेवला तरी, उधारीचे खाते गेले तर येणे कोणत्या आधारावर मागावयाचे?

मग क्रम उलटा झाला. प्रथम ताजी प्रत घेतली, ती नव्या यंत्रावर उघडली, तेरीज आणि ग्राहकांच्या बाक्या दोन्ही यंत्रांवर ताडून पाहिल्या. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन घरी ठेवली, कारण एकाच जागेच्या दोन प्रती आगीला किंवा चोराला एकच असतात. प्रत घेणे जितके आवश्यक, तितकेच ती उघडून पाहणे.

बिलाविषयी थोडे. संगणकावर 18 टक्के जीएसटी आहे. पेढीच्या वापराचे यंत्र पेढीच्या नावे, जीएसटी क्रमांकासह घ्यावे. बिलात कर वेगळा दाखवला असेल, तर नियमित योजनेतील व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत ते मिळत नाही. कराचे क्रेडिट घेतले, तर त्या रकमेवर घसारा मागता येत नाही. घरच्या अभ्यासासाठी घेतलेली एसएसडी पेढीच्या खर्चात दाखवू नये. तिचे बिल मुलीच्या नावे झाले, हेच योग्य.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मुलगी पेढीची प्रत घेते, उघडून पाहते आणि रोजमेळाच्या समासात तशी नोंद करते. जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट झाली नाही. तिच्यावर ‘2016 ते 2025’ अशी चिठ्ठी चिकटवून आजोबांनी ती लाल कापडात बांधलेल्या जुन्या चोपड्यांच्या कपाटात ठेवली आहे.