दहावीच्या रसायनशास्त्रातील रिकामा रकाना

- विशेष प्रतिनिधी

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात लिथियमचे ५९ लाख टन अनुमानित साठे असल्याची घोषणा केंद्र सरकारने केली. जून २०२३ मध्ये खाण मंत्रालयाने देशाच्या दृष्टीने मोलाच्या ३० खनिजांची यादी प्रसिद्ध केली. लिथियम, कोबाल्ट, निकेल, गॅलियम, जर्मेनियम अशी नावे त्यात होती. विजेवर चालणारी मोटार, मोबाइलची बॅटरी, संगणकाची चिप या साऱ्यांचे भवितव्य या नावांशी जोडलेले आहे, हे त्यावेळी नागरिकांना वारंवार सांगण्यात आले. मात्र ही सारी नावे एकत्र आणि अर्थपूर्ण क्रमाने ज्या एका पानावर भेटतात, ते पान त्याच वर्षी देशातील लक्षावधी विद्यार्थ्यांच्या दहावीच्या पुस्तकातून नाहीसे झाले होते.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, अर्थात एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हे संपूर्ण प्रकरण वगळले. वगळलेल्या भागांची यादी २०२२ मध्ये जाहीर झाली आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षासाठी छापलेल्या पुस्तकांत ती प्रत्यक्षात उतरली. उत्क्रांतीचा भागही याच कात्रीत सापडला. त्याविरोधात १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी खुले पत्र काढले आणि चर्चेचा सारा झोत साहजिकच तिकडे वळला. आवर्तसारणीबद्दल 'नेचर'सारख्या नियतकालिकाने मे २०२३ मध्ये आश्चर्य व्यक्त केले, समाजमाध्यमांवर थोडी खळबळ झाली आणि विषय मागे पडला. तो मागे पडावा इतका किरकोळ होता का, याचा विचार मात्र व्हायला हवा.

परिषदेची बाजू

टीकेनंतर परिषदेने आपली भूमिका स्पष्ट केली. करोनाच्या साथीमुळे विद्यार्थ्यांची दोन वर्षे वाया गेली होती. त्यांच्यावरचा भार कमी करणे, एकच विषय दोन ठिकाणी येत असल्यास एका ठिकाणी ठेवणे आणि त्या वयाला अवघड ठरणारा भाग पुढे ढकलणे, हे या छाटणीमागचे निकष होते. आवर्तसारणी अभ्यासक्रमातून काढलेली नाही, ती अकरावीत सविस्तर आहे. मूलद्रव्ये, त्यांच्या संज्ञा, अणुवस्तुमान यांची ओळख नववीत होतेच, असेही परिषदेने सांगितले.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दहावीच्या वर्षाचे ओझे किती असते, हे कोणत्याही पालकाला विचारावे. शिवाय हे प्रकरण अनेक वर्गांत ज्या रीतीने शिकवले जात होते, ते पाहता त्याबद्दल हळहळावे असे फारसे नव्हते, हेही मान्य करायला हवे. डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, मेंडेलीव्हचे गुण आणि दोष, मग आधुनिक सारणीचे गुण अशी टिपणे फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत उतरत. पहिली वीस मूलद्रव्ये लक्षात ठेवण्यासाठी विद्यार्थ्यांनी रचलेली गमतीदार वाक्ये तेवढी आयुष्यभर आठवत राहतात. सारणी 'पाठ करण्याची' वस्तू झाली की ती भारच ठरते.

पण दोष शिकवण्याच्या पद्धतीत असेल, तर इलाज पद्धतीवर करायचा की प्रकरणच काढून टाकायचे? आणि त्याहून मूलभूत प्रश्न असा, की आवर्तसारणी हा खरोखर भार आहे, की भार हलका करणारे साधन?

सारणी जन्मली ती विद्यार्थ्यांसाठी

या प्रश्नाचे उत्तर सारणीच्या जन्मकथेतच आहे. सेंट पीटर्सबर्ग येथील प्राध्यापक दिमित्री मेंडेलीव्ह १८६०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. त्यावेळी ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. प्रत्येकाचे गुणधर्म, संयुगे, अभिक्रिया वेगवेगळ्या सांगत बसायचे, तर पुस्तकाला अंत नव्हता. ही सामग्री कोणत्या क्रमाने मांडावी, या अगदी शिक्षकी अडचणीतून १८६९ मध्ये त्यांची सारणी साकारली. म्हणजे विखुरलेल्या माहितीचे ओझे कमी करणे, हेच तिचे मूळ प्रयोजन होते. भार कमी करण्याच्या नावाखाली ती काढणे, हा म्हणूनच या प्रकरणातील सर्वांत मोठा विरोधाभास आहे.

मेंडेलीव्ह यांनी सारणीत काही जागा रिकाम्या सोडल्या आणि तेथे कोणते गुणधर्म असलेली मूलद्रव्ये सापडतील, हे आधीच सांगितले. त्यांना त्यांनी 'एक' हा संस्कृत उपसर्ग लावून एक-ॲल्युमिनियम, एक-सिलिकॉन अशी नावे दिली. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ब्वाबोद्रां यांना गॅलियम सापडले, तेव्हा त्याची घनता त्यांनी ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी ती ५.९ च्या आसपास असायला हवी, असे कळवले. नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजली असता ती ५.९ भरली! मूलद्रव्य ज्याने हातात घेतले, त्याच्यापेक्षा ज्याने ते पाहिलेही नव्हते त्याचे म्हणणे बरोबर ठरले. १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले, तेव्हाही भाकीत असेच खरे ठरले. विज्ञान म्हणजे माहितीचा साठा नव्हे, तर आहे त्या माहितीवरून नसलेल्याचा अंदाज बांधून तो पडताळून पाहण्याची रीत, हे पंधरा वर्षांच्या मुलाला पटवणारे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण आहे.

नववी आणि अकरावीच्या मधली पायरी

परिषदेच्या पुस्तकांत अणूची रचना नववीत येते. थॉमसन यांचे धनप्रभारात इलेक्ट्रॉन रुतलेले प्रारूप, सोन्याच्या पातळ पत्र्यावरील प्रयोगातून रुदरफर्ड यांनी १९११ मध्ये मांडलेले केंद्रक आणि १९१३ मधील बोर यांची कवचे, या क्रमाने विद्यार्थी अणूच्या आत शिरतो. २०२३-२४ च्या पुस्तकातही हा भाग कायम होता. त्याबरोबर पहिल्या अठरा मूलद्रव्यांची यादी आहे : कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन आणि संयुजा किती.

ही यादी शांतपणे वरून खाली वाचावी. लिथियमपासून संयुजा १, २, ३, ४ अशी चढते, मग ३, २, १ अशी उतरते आणि निऑनपाशी शून्य होते. सोडियमपासून तोच चढउतार पुन्हा सुरू होतो आणि अरगॉनपाशी संपतो. आवर्तन हेच. सारणीचे सारे मर्म त्या एका यादीत दडलेले आहे. ती यादी आठ-आठच्या ओळींत मोडून एकाखाली एक लिहिली, की सारणी आपोआप तयार होते. यादी ठेवायची आणि तिला मोडून वाचण्याची युक्ती मात्र दोन वर्षांनी सांगायची, असा हा प्रकार झाला.

दहावीत पुढे 'धातू आणि अधातू' व 'कार्बन आणि त्याची संयुगे' ही प्रकरणे आहेत. सोडियमपेक्षा पोटॅशियम अधिक क्रियाशील का? सारणी जवळ असेल, तर विद्यार्थी पाहतो, की लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे एकाच गणात एकाखाली एक आहेत. प्रत्येकाच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे, खाली जाऊ तसे कवच वाढते, इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो आणि सहज सुटतो. बोर यांचे प्रारूप येथे कामाला येते. सारणी नसेल, तर धातूंची क्रियाशीलता श्रेणी ही पाठ करण्याची आणखी एक यादी उरते आणि अणुप्रारूपे परीक्षेपुरती काढण्याची चित्रे ठरतात.

अणुप्रारूप आणि सारणी यांची ही जोडी इतिहासातही अशीच जुळली. अणुवस्तुमानाप्रमाणे मांडणी केली, तर कोबाल्ट हा निकेलनंतर यायला हवा होता. गुणधर्म सांगत होते, की तो आधीच हवा. मेंडेलीव्ह यांच्या सारणीतील हा पेच हेन्री मोस्ले या तरुण संशोधकाने १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने सोडवला. क्रम ठरवतो तो केंद्रकावरील धनप्रभार, म्हणजेच अणुअंक. कोबाल्टचा २७, निकेलचा २८. मोस्ले दोनच वर्षांनी, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला. ही गोष्ट ऐकलेल्या विद्यार्थ्याला अणुअंक म्हणजे काय, हे वेगळे घोकावे लागत नाही.

एकाच शहरात तीन वाटा

महाराष्ट्रातील चित्र येथे वेगळे होते. बालभारतीच्या २०१८ मध्ये आलेल्या पुस्तकांत आठवीला 'अणूचे अंतरंग' आणि दहावीला 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' ही प्रकरणे आहेत. आयसीएसईच्या दहावीच्या रसायनशास्त्रातही आवर्ती गुणधर्मांना मानाचे स्थान आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यासारख्या शहरात २०२३ नंतर शेजारी राहणाऱ्या तीन मुलांपैकी राज्य मंडळाच्या आणि आयसीएसईच्या मुलाने सारणी दहावीत शिकली, सीबीएसईच्या मुलाने नाही. तिघेही पुढे अकरावी विज्ञानाच्या वर्गात आणि त्यानंतर 'नीट' किंवा 'जेईई'च्या परीक्षेत एकत्र येतात. अकरावीत सारणी एस, पी, डी, एफ या उपकवचांसह, अणुत्रिज्या, आयनीभवन ऊर्जा अशा संकल्पनांच्या गर्दीत येते. पहिली ओळखच तेथे झाली, तर खासगी क्लासचा आधार अधिक लागणार, हे उघड आहे. ज्यांना तो परवडत नाही, त्यांच्यासाठी छाटलेले एक प्रकरण ही उणीव ठरते.

राज्यापुरता हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम स्वीकारण्याचे राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. हे टप्पे वर चढत माध्यमिक वर्गांपर्यंत जातील, तेव्हा आपल्याकडे जे चांगले होते ते राखून पुढे जायचे, की केंद्राच्या पुस्तकातील उणीवही जशीच्या तशी उचलायची, हे ठरवावे लागेल.

जे विज्ञान सोडतात, त्यांचे काय?

'अकरावीत आहे' या उत्तरातील खरी पोकळी मात्र वेगळीच आहे. अकरावीत ती फक्त विज्ञान शाखेत आहे. दहावी ही शालेय विज्ञान सर्वांना सक्तीचे असण्याची शेवटची इयत्ता आहे. तेथून वाणिज्य, कला शाखेकडे किंवा आयटीआयकडे वळणाऱ्या आणि शिक्षणच सोडणाऱ्या मुलांना सारणी पुन्हा भेटत नाही. भावी रसायनतज्ज्ञाचे नुकसान अकरावीत भरून निघेल. भावी नागरिकाचे निघणार नाही.

नागरिकाला तिचा उपयोग काय, असे कोणी विचारेल. पश्चिम बंगालमधील भूजलातील आर्सेनिकची समस्या घ्या. आर्सेनिक सारणीत फॉस्फरसच्या खाली बसते. त्यातील साम्यामुळेच शरीरातील प्रक्रिया त्याचे एक रूप फॉस्फेट समजून स्वीकारतात. अणुचाचण्यांतून पसरलेले किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम हाडांत जाऊन बसते, कारण ते कॅल्शियमच्या खाली आहे. लिथियमला पर्याय म्हणून सोडियमच्या बॅटरीकडे संशोधक का वळले, याचेही उत्तर त्याच उभ्या स्तंभात आहे. चीनने एप्रिल २०२५ मध्ये दुर्मिळ मृदा गटातील सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि भारतीय वाहन उद्योगाला चुंबकांची चिंता लागली. सारणीच्या तळाशी वेगळी काढलेली ती ओळ कधी पाहिलीच नसेल, तर ही बातमी वाचणाऱ्याला त्यातले काय उमगणार?

आराखडा एक सांगतो...

विशेष म्हणजे, या वादाचा निकाल खुद्द केंद्राच्या दस्तऐवजानेच दिला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा जाहीर झाला. नववी-दहावीच्या टप्प्यावर विज्ञानातून अपेक्षित असलेल्या क्षमतांमध्ये मूलद्रव्यांचे आवर्तसारणीतील वर्गीकरण सांगता येणे आणि बोर यांचे प्रारूप व संयुजा यांच्या आधारे संयुगे कशी बनतात हे स्पष्ट करता येणे, यांचा त्यात समावेश आहे. म्हणजे सारणी दहावीपर्यंत हवी आणि ती अणुप्रारूपाला जोडूनच हवी, हे टीकाकारांचे म्हणणे आराखड्याने मान्य केल्यासारखेच आहे. त्याचवेळी विद्यार्थ्यांच्या हातातील पुस्तकात मात्र ती नव्हती. या आराखड्यानुसार सहावीचे विज्ञानाचे पुस्तक २०२४ मध्ये, तर सातवी व आठवीची २०२५ मध्ये आली. माध्यमिक टप्प्याचा क्रम त्यानंतरचा. आराखड्यातील ते वाक्य दहावीपर्यंतच्या पुस्तकांत कसे उतरते, यावर आता पालक-शिक्षकांनी लक्ष ठेवायला हवे.

प्रकरण नुसते परत आणून भागणार नाही. जुनी टिपणे परत आली, तर भाराची तक्रार पुन्हा होईल आणि ती रास्तही असेल. अठरा मूलद्रव्यांची अठरा कागदी पत्ते करावीत, प्रत्येकावर वस्तुमान, संयुजा आणि दोन गुणधर्म लिहावेत, त्यातला एक पत्ता शिक्षकाने खिशात ठेवावा आणि उरलेले विद्यार्थ्यांना मांडायला सांगावे. रिकामी राहिलेली जागा कुणाची, हे त्यांनीच ओळखावे. याला प्रयोगशाळा लागत नाही, खर्चही नाही. परीक्षेतही 'मेंडेलीव्हच्या सारणीचे गुण लिहा' याऐवजी 'या जागी असलेल्या मूलद्रव्याविषयी तुम्ही काय सांगू शकाल' असे विचारता येईल.

मेंडेलीव्ह यांनी जागा रिकाम्या सोडल्या, त्या पुढे भरल्या जातील या खात्रीने. दहावीच्या पुस्तकातला रकाना रिकामा झाला तो तात्पुरत्या संकटाचे कारण सांगून. ते संकट सरले. २०२३ नंतर या पुस्तकातून उत्तीर्ण झालेल्या मुलांना मात्र तो रकाना भरून मिळालेला नाही. निदान पुढच्यांना तो मिळावा, इतकी अपेक्षा गैरवाजवी नाही.